तलावपाळीवरचे फिरते बिनतारी जाळे: मोबाइल अ‍ॅड हॉक नेटवर्कमध्ये भरवशाचे राउटिंग कसे उभारावे

फोनवर फुल रेंज दिसते आणि तरीही फोन लागत नाही, हा अनुभव विसर्जनाच्या संध्याकाळी ठाण्याच्या तलावपाळीवर उभ्या राहिलेल्या कोणालाही नवा नाही. टॉवर जागेवर असतो, सिग्नलही पुरेसा असतो. पण एकाच टॉवरवर इतके फोन एकदम तुटून पडतात की नव्या जोडणीला जागाच उरत नाही. नेमक्या याच वेळी स्वयंसेवकांना ‘जांभळी नाक्याकडची मिरवणूक थोडी थांबवा’ किंवा ‘रंगायतनाजवळ एक मूल हरवले आहे’ असे छोटे पण तातडीचे निरोप एकमेकांना द्यायचे असतात. टॉवरवर अजिबात अवलंबून नसलेले, स्वयंसेवकांच्या जवळच्या उपकरणांनीच एकमेकांची पॅकेट (निरोपाचे छोटे तुकडे) पुढे पोहोचवणारे जाळे अशा वेळी उपयोगी पडते. त्यालाच मोबाइल अ‍ॅड हॉक नेटवर्क म्हणतात. मासुंदा तलावाभोवतीचा परिसर डोळ्यांसमोर ठेवून, सुमारे २० नोडचे (जाळ्यातले प्रत्येक उपकरण म्हणजे एक नोड) असे जाळे कसे आखावे, मोजावे आणि तपासावे, हे या लेखात पायरीपायरीने मांडले आहे.

राउटिंगवरील, म्हणजे पॅकेटचा मार्ग ठरवण्यावरील, बहुतेक लिखाण ‘कोणता प्रोटोकॉल (नियमसंच) सर्वांत चांगला’ या प्रश्नाभोवती फिरते. माझ्या मते तो प्रश्न दुय्यम आहे. चालत्या माणसांच्या जाळ्यात मार्ग सापडणे फारसे कठीण नसते. तो तुटला आहे हे उशिरा कळणे, हीच खरी अडचण असते. तुटल्याच्या क्षणापासून ते कळण्याच्या क्षणापर्यंत पाठवलेले प्रत्येक पॅकेट वाया जाते. पुढील बहुतेक पायऱ्या हा मधला काळ कमी करण्यासाठी, किंवा त्या काळात हरवलेले पुन्हा मिळवण्यासाठी आहेत.

पहिली पायरी: ‘भरवसा’ म्हणजे काय, ते आकड्यांत लिहून काढा

कोणतेही उपकरण विकत घेण्यापूर्वी कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात: निरोप केवढा आहे, तो किती वेळात पोहोचायला हवा आणि शंभरांपैकी किती निरोप हरवले तर चालेल. आपल्या उदाहरणात निरोप मजकुराचा आहे, तो २०० बाइटांच्या आत मावतो आणि १० सेकंदांत पोहोचला तरी काम भागते. मात्र तो पोहोचला की नाही, हे पाठवणाऱ्याला कळलेच पाहिजे. त्याखेरीज प्रत्येक नोड दर १० सेकंदांनी आपले ठिकाण कळवतो. त्यातली काही पॅकेट हरवली तरी बिघडत नाही, कारण पुढचे पॅकेट लगेच येणारच असते. या दोन प्रकारांना एकच मापदंड लावणे हे अपयशाचे हमखास कारण ठरते. आवाजी संभाषण आणि व्हिडिओ या यादीत मुद्दाम घेतलेले नाहीत. एकाच चॅनेलवर चालणाऱ्या जाळ्यात प्रत्येक पॅकेट प्रत्येक हॉपला (एका नोडवरून दुसऱ्यावरच्या उडीला) तीच हवा, म्हणजे चॅनेलवरचा वेळ, पुन्हा वापरते, त्यामुळे दोन हॉपना वेग साधारण निम्मा, तीन हॉपना एक तृतीयांश होतो आणि पुढे आणखी घसरतो.

दुसरी पायरी: उपकरण आणि जागा

साधे अँड्रॉइड फोन वायफायच्या अ‍ॅड हॉक पद्धतीत थेट चालत नाहीत, हे सुरुवातीलाच लक्षात घ्यावे. म्हणून नोड म्हणून ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची लिनक्सवर आधारलेली मुक्त प्रणाली) चालणारा छोटा राउटर किंवा रास्पबेरी पायसारखा बोर्ड घ्यावा आणि स्वयंसेवकाचा फोन त्या नोडला नेहमीच्या वायफायने जोडावा. यूएसबी वायफाय अ‍ॅडाप्टर घेताना त्याचा लिनक्स ड्रायव्हर मेश किंवा अ‍ॅड हॉक पद्धतीला साथ देतो का, हे दुकानातून बाहेर पडण्यापूर्वी तपासावे. खोक्यावर छापलेल्या वेगाचा इथे काही उपयोग नसतो. पॉवर बँकही पारखून घ्यावी, कारण विजेचा वापर कमी झाला की काही पॉवर बँक आपोआप बंद होतात आणि नोड गुपचूप मरतो. भारतात २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा ठरलेल्या शक्तिमर्यादेत परवान्याविना वापरता येतो. त्यातल्या १, ६ आणि ११ या एकमेकांवर न चढणाऱ्या चॅनेलांपैकी परिसरात सर्वांत कमी वर्दळीचे चॅनेल मोजून निवडावे.

जागेची पाहणी दोनदा करावी लागते: एकदा सकाळी मोकळ्या रस्त्यावर आणि एकदा गर्दीच्या वेळी. माणसाचे शरीर बहुतांशी पाण्याचे असल्याने ते २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी चांगल्याच शोषून घेते. सकाळी मूस चौकापासून रंगायतनापर्यंत सहज बोलणारे दोन नोड संध्याकाळी माणसांच्या भिंतीमुळे एकमेकांना ऐकूही शकत नाहीत. अँटेना कमरेच्या पट्ट्याला लावणे म्हणूनच चुकीचे आहे. निदान पाच-सहा नोड स्थिर ठेवून त्यांचे अँटेना बांबूवर किंवा गच्चीच्या कठड्यावर, डोक्यांच्या बऱ्याच वर चढवावेत. किती वर, याचा हिशोब करता येतो. २.४ गिगाहर्ट्‌झची तरंगलांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर असते. २०० मीटर अंतरावरच्या दोन अँटेनांमध्ये पहिल्या फ्रेनेल पट्ट्याची (सरळ रेषेभोवती लहरींना लागणाऱ्या मोकळ्या जागेची) त्रिज्या मध्यावर सुमारे २.५ मीटर भरते आणि ५०० मीटरला ती जवळजवळ ४ मीटर होते. या त्रिज्येचा निदान ६० टक्के भाग मोकळा असावा, असा संकेत आहे. म्हणजे २०० मीटरच्या लिंकसाठी गर्दीच्या डोक्यांपासून दीड मीटर मोकळीक हवी आणि अँटेना साधारण साडेतीन मीटरवर हवा. तलावाच्या पाण्यावरून जाणारी सरळ रेषा मिळाली तर ती सोडू नये. जांभळी नाक्याच्या बाजारातल्या अरुंद गल्लीत मात्र कोपऱ्यागणिक एक नोड धरावा, कारण तिथे वळणाच्या पलीकडे फारसे काही पोहोचत नाही.

तिसरी पायरी: लिंक मोजा, सिग्नल नव्हे

जुने प्रोटोकॉल हॉपच्या संख्येवरून मार्ग निवडत असत आणि सर्वांत कमी हॉपचा मार्ग उत्तम मानत असत. चालत्या जाळ्यात हा नियम घातक ठरतो. कमी हॉप म्हणजे लांब लांब उड्या, आणि लांब उडी म्हणजे टप्प्याच्या अगदी कडेवरची, कोणत्याही क्षणी तुटणारी लिंक. हा नियम जणू ठरवूनच सर्वांत कमकुवत लिंक शोधून काढतो.

त्याऐवजी २००३ मध्ये मांडलेले ईटीएक्स हे माप वापरावे. एक पॅकेट यशस्वीपणे पोहोचवायला सरासरी किती वेळा पाठवावे लागेल, हे त्यातून कळते. जाण्याच्या दिशेने पोहोचण्याचे प्रमाण आणि परतीच्या दिशेने पोहोचण्याचे प्रमाण यांचा गुणाकार करायचा आणि १ ला त्याने भागायचे. परतीची दिशा धरावी लागते, कारण वायफायमध्ये प्रत्येक एकेरी, म्हणजे एकाच नोडला उद्देशून पाठवलेल्या, पॅकेटची पोच परत यावी लागते. समजा, चिंतामणी चौक ते रंगायतन ही थेट लिंक दोन्ही दिशांना ६० टक्के पॅकेट पोहोचवते. ०.६ गुणिले ०.६ म्हणजे ०.३६, म्हणून ईटीएक्स २.७८. मध्ये कौपिनेश्वर मंदिराजवळ एक नोड ठेवला आणि दोन्ही लिंक प्रत्येकी ९५ टक्के निघाल्या, तर प्रत्येकीचा ईटीएक्स १.११ आणि दोन्ही मिळून २.२२. एक हॉप जास्त असूनही दुसरा मार्ग हवा कमी खातो आणि जास्त भरवशाचा आहे. हॉप मोजणाऱ्या प्रोटोकॉलने मात्र डोळे झाकून पहिलाच मार्ग घेतला असता.

इथे एक सापळा आहे आणि नवख्यांची बहुतेक जाळी त्यातच अडकतात. शेजारी ओळखण्यासाठी पाठवली जाणारी हॅलो पॅकेट सर्वांसाठी असतात. ती सर्वांत कमी वेगाने, सहसा २.४ गिगाहर्ट्‌झवर सेकंदाला १ मेगाबिटने जातात, आकाराने छोटी असतात आणि त्यांना पोच नसते. खरा निरोप मात्र मोठा असतो आणि जास्त वेगाने जातो. कमी वेगाचे छोटे पॅकेट लांबवर ऐकू येते. मोठे, वेगवान पॅकेट तिथपर्यंत पोहोचत नाही. परिणामी एक असा करडा पट्टा तयार होतो, जिथे शेजारी ‘आहे’ असे राउटिंगला ठामपणे वाटते, पण त्याच्याकडे पाठवलेले निरोप मात्र गळतात. यावर उपाय दोन: पहिला, हॅलो पॅकेट ज्या वेगाने जातात तो किमान वेग १ वरून ६ मेगाबिटपर्यंत वाढवावा, म्हणजे हॅलो आणि निरोप यांचा टप्पा जवळ येतो, दुसरा, तपासणीची पॅकेट खऱ्या निरोपाएवढ्या आकाराची ठेवावीत. पहिला उपाय केल्यावर शेजाऱ्यांची यादी आखूड होते आणि पुष्कळांना ते नुकसान वाटते. त्या यादीतून गळलेले शेजारी तसेही कामाचे नव्हते.

चौथी पायरी: प्रोटोकॉल निवडा, पण त्यात रमू नका

पर्यायांचे दोन मोठे गट आहेत. मागणीनुसार मार्ग शोधणाऱ्या गटात एओडीव्ही आणि डीएसआर येतात. निरोप पाठवायची वेळ आली की ते ‘अमुक कुठे आहे’ अशी हाक सर्वत्र पसरवतात आणि उत्तर आले की मार्ग वापरतात. एओडीव्हीचा तपशील जुलै २००३ मध्ये आरएफसी ३५६१ म्हणून प्रसिद्ध झाला. दुसऱ्या गटातले डीएसडीव्ही, ओएलएसआर, बेबल आणि बॅटमॅन हे प्रोटोकॉल मार्ग आधीपासून तयार ठेवतात. ओएलएसआर ऑक्टोबर २००३ मध्ये आरएफसी ३६२६ म्हणून आला आणि त्याची दुसरी आवृत्ती २०१४ मध्ये. बेबलचा सध्याचा तपशील जानेवारी २०२१ चा आहे. बॅटमॅन-अ‍ॅडव्हान्स्ड हा तर २०११ पासून लिनक्स कर्नेलमध्येच, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातच, समाविष्ट आहे.

पुस्तकी नियम असा, की क्वचित बोलणाऱ्या आणि भराभर फिरणाऱ्या नोडसाठी पहिला गट घ्यावा आणि सतत बोलणाऱ्या, सावकाश फिरणाऱ्या नोडसाठी दुसरा. आपले नोड दर १० सेकंदांनी ठिकाण कळवतात, माणसाच्या चालीने फिरतात आणि संख्येने सुमारे २० आहेत. म्हणून दुसरा गट. त्यातही कर्नेलमध्ये तयार मिळणारा आणि फोनला संपूर्ण जाळे एकाच स्विचसारखे दिसेल अशा थरावर चालणारा बॅटमॅन-अ‍ॅडव्हान्स्ड सर्वांत कमी कटकटीचा. वळणे लागू नयेत, म्हणजे पॅकेट त्याच त्या नोडांत फिरत राहू नये, याची काळजी बेबलमध्ये विशेष काटेकोरपणे घेतलेली आहे. आयपी थरावरच (इंटरनेट पत्त्यांच्या पातळीवर) काम करायचे असेल तर तो घ्यावा. नवी मुंबईतल्या पाम बीच रस्त्यावरून धावणाऱ्या गाड्यांचे जाळे करायचे असते तर मी यांपैकी कशालाच हात लावला नसता: समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्या एकमेकींच्या टप्प्यात काही सेकंदच राहतात, आणि तिथे नकाशातल्या स्थानावर आधारलेले राउटिंग लागते.

पाचवी पायरी: तुटल्याचे किती लवकर कळते, ते ठरवा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि सर्वांत जास्त वेळ इथेच द्यावा.

ओएलएसआरच्या मूळ तपशिलात हॅलो दर २ सेकंदांनी जातो आणि शेजारी त्याच्या तिप्पट काळ, म्हणजे ६ सेकंद, जिवंत मानला जातो. सेकंदाला १० पॅकेट जात असतील तर एका तुटीला ६० पॅकेट मातीत जातात. एओडीव्हीत हॅलो १ सेकंदाला एक आणि सलग २ चुकले की लिंक तुटली असे मानतात. म्हणजे सुमारे २ सेकंद. पण तिथे नवा मार्ग शोधण्याचा वेळ पुढे जोडावा लागतो. एका शोधासाठी थांबण्याचा काळ हा प्रति नोड ४० मिलिसेकंद, गुणिले जाळ्याचा व्यास (दोन टोकांमधले जास्तीत जास्त हॉप), गुणिले २ असा काढतात, आणि मूळ तपशिलात व्यास ३५ हॉप धरला आहे. म्हणून तो काळ २.८ सेकंद येतो. उत्तर न आल्यास प्रत्येक फेरीत थांबणे दुप्पट होते: २.८, ५.६ आणि ११.२, मिळून १९.६ सेकंद. तलावपाळीचे जाळे ८ हॉपपेक्षा मोठे होण्याचा प्रश्नच नाही. व्यास ८ केला की हाच सर्वांत वाईट काळ साडेचार सेकंदांच्या आत येतो. एका आकड्याने एवढा फरक पडतो, आणि तो आकडा कोणी बदलत नाही.

मग हॅलोंची वेळ आणखी कमी का करू नये? कारण हॅलो पॅकेट हरवतच असतात आणि प्रत्येक हरवलेला हॅलो म्हणजे तुटलेली लिंक नसते. समजा, गर्दीत ३० टक्के हॅलो हरवतात आणि ते दर सेकंदाला एक जातात. ‘सलग २ चुकले की तुटली’ असा नियम ठेवला तर चांगली लिंकसुद्धा मिनिटाला सुमारे ४ वेळा खोटीच तुटलेली ठरते. नियम ३ चा केला तर मिनिटाला एकदा, ४ चा केला तर तीन मिनिटांत एकदा. आता हॅलो अर्ध्या सेकंदाला करून नियम ४ चा ठेवा: तूट २ सेकंदांत कळते आणि खोट्या हाका मिनिटाला १ च्या आत राहतात. वेळ तेवढीच लागते, पण निर्णय जास्त पुराव्यावर होतो. म्हणून मोजके आणि दूरदूरचे हॅलो देण्यापेक्षा दाट हॅलो आणि सहनशील नियम ही जोडी जवळजवळ नेहमीच सरस ठरते. तिची किंमत हवेच्या वेळेत मोजावी लागते. २० नोडनी सेकंदाला दोनदा हाक दिली तर ४० पॅकेट होतात. १ मेगाबिट वेगावर प्रत्येकाला सगळे धरून दीड मिलिसेकंद लागला, तर सेकंदातले ६० मिलिसेकंद, म्हणजे ६ टक्के हवा गेली. एवढे परवडते. २०० नोडना हेच परवडणार नाही.

हॅलोवर अवलंबून न राहता तूट ओळखण्याचा दुसरा मार्गही आहे. एकेरी पॅकेटची पोच आली नाही तर वायफाय ते काही वेळा पुन्हा पाठवते, आणि तेवढ्यानेही जमले नाही तर ड्रायव्हरला अपयश कळते. ही बातमी राउटिंगपर्यंत पोहोचवता आली तर तूट सेकंदांऐवजी मिलिसेकंदांत उघड होते. एकाच अपयशावर लिंक तोडू नये. थोड्या काळात दोन-तीन अपयशे आली की लिंकचा दर्जा घसरवावा आणि पर्यायी मार्ग असल्यास तिकडे वळावे.

बॅटमॅन-अ‍ॅडव्हान्स्ड वापरणाऱ्यांनी त्याची तक्ता दाखवणारी आज्ञा वाचायला शिकावे. त्या तक्त्यात प्रत्येक दूरच्या नोडसमोर तो शेवटचा कधी ऐकू आला, मार्गाची गुणवत्ता २५५ पैकी किती आणि पुढचा हॉप कोणता, हे दिसते. मूस चौकाच्या नोडसमोर ‘०.३८ सेकंद, २३१’ असे असेल तर सारे ठीक आहे. ‘४७ सेकंद, २१८’ असे असेल तर तो नोड मेलेला आहे आणि २१८ हा जुना आकडा नुसता चिकटून राहिला आहे, कारण न ऐकू येणारा नोड त्या तक्त्यातून २०० सेकंदांनीच पुसला जातो. गुणवत्तेकडे आधी आणि वेळेकडे नंतर पाहणारा माणूस इथे हमखास फसतो. शिवाय बॅटमॅनच्या चौथ्या आवृत्तीच्या पद्धतीत शेजारच्या लिंकचा अंदाज नोड ठरावीक वेळाने पाठवतो त्या हॅलोसारख्या शेवटच्या ६४ संदेशांच्या खिडकीवरून काढला जातो. संदेश सेकंदाला एक असेल तर हळूहळू खराब होणाऱ्या लिंकचा आकडा बराच उशिरा घसरतो. फिरत्या नोडवर संदेशांमधले अंतर अर्ध्या सेकंदावर आणावे, स्थिर नोडवर ते १ सेकंदच राहू द्यावे.

सहावी पायरी: मार्ग सारखे बदलू देऊ नका

दोन मार्गांची गुणवत्ता जवळपास सारखी असली की राउटिंग दर सेकंदाला या मार्गावरून त्या मार्गावर उड्या मारते आणि पॅकेट उलटसुलट क्रमाने पोहोचतात. नवा मार्ग जुन्यापेक्षा निदान १५ ते २० टक्क्यांनी सरस असेल तरच बदलावा, असा उंबरठा ठेवावा. मात्र जुना मार्ग तुटला असेल तर हा उंबरठा लागू करू नये. तेव्हा मिळेल तो मार्ग ताबडतोब घ्यावा.

सातवी पायरी: दुसरा मार्ग हाताशी ठेवा

एका मार्गावर निरोप पोहोचण्याची शक्यता ८० टक्के असेल आणि तशाच दोन स्वतंत्र मार्गांवरून तोच निरोप पाठवला, तर निदान एकीकडून पोहोचण्याची शक्यता ९६ टक्के होते. गणित खरे आहे, पण ‘स्वतंत्र’ या शब्दावर ते सगळे उभे आहे. दोन मार्गांत एखादी लिंक समान नसली तरी नोड समान असू शकतो, आणि तो नोड बंद पडला की दोन्ही मार्ग एकदम जातात. नोडही वेगळे असले तरी दोन्ही मार्ग एकाच चौकातून, एकाच चॅनेलवर जात असतील तर ढोलताशाचे एक पथक मध्ये आले की दोन्ही एकदमच आंधळे होतात. म्हणून एक मार्ग तलावाच्या एका अंगाने आणि दुसरा विरुद्ध अंगाने जाईल अशी स्थिर नोडची मांडणी करावी. तलावाचे गोल काठ हे इथे आयते वरदान आहे. २००१ मध्ये मांडलेल्या एओएमडीव्हीसारख्या प्रोटोकॉलमध्ये असे अनेक मार्ग एकाच शोधात मिळवण्याची सोय आहे. आपल्या छोट्या जाळ्यात तातडीचा निरोप सर्व नोडना पसरवून देणे हाच त्याहून सोपा उपाय आहे. फक्त प्रत्येक निरोपाला एकमेव क्रमांक असावा, तोच निरोप दुसऱ्यांदा ऐकल्यास नोडने तो टाकून द्यावा आणि पुढे पाठवण्यापूर्वी काही मिलिसेकंदांची यादृच्छिक वाट पाहावी. नाही तर सगळे शेजारी एकाच क्षणी ओरडतात आणि कोणाचेच ऐकू येत नाही.

आठवी पायरी: शेवटची हमी राउटिंगकडे मागू नका

राउटिंग चांगला प्रयत्न करते, हमी देत नाही. ९० टक्के भरवशाचे पाच हॉप एकापुढे एक जोडले तर एकूण भरवसा ५९ टक्के उरतो. वायफायच्या पुनःप्रयत्नांनी तो बराच वर जातो, पण मार्गच तुटला असेल तर त्या पुनःप्रयत्नांचा उपयोग नसतो. म्हणून निरोप मिळाल्याची पोच थेट घेणाऱ्याच्या उपकरणातून पाठवणाऱ्यापर्यंत आली पाहिजे. टीसीपी (इंटरनेटवर नेहमी वापरला जाणारा प्रोटोकॉल) हे करते, पण हरवलेल्या पॅकेटचा अर्थ ते गर्दी असा लावते आणि वेग कमी करते, थांबण्याचा काळ दुप्पट करत जाते. मार्ग दोन सेकंदांत सुधारला तरी टीसीपी त्यानंतरही काही काळ गप्प बसून राहते. छोट्या निरोपांसाठी कोॲप हा २०१४ चा हलका प्रोटोकॉल जास्त सोयीचा. त्यात पोच मागणारा निरोप पहिल्यांदा सुमारे २ ते ३ सेकंद थांबतो आणि मग वाढत्या अंतराने आणखी ४ वेळा पाठवला जातो. आपली मर्यादा १० सेकंदांची असल्याने ही वाट पाहण्याची गती तशीच ठेवून चालणार नाही; सुरुवातीचे थांबणे १ सेकंदावर आणावे.

आणि मार्ग अजिबातच नसेल तर? बाजारातल्या गल्लीत शिरलेला स्वयंसेवक दोन-तीन मिनिटे जाळ्याबाहेर जाणारच. तेव्हा निरोप शेजारच्या नोडने साठवून ठेवावा आणि तो परत दिसताच द्यावा. प्रत्येक निरोपाला आयुष्य द्यावे: हरवलेल्या मुलाचा निरोप तासभर जपावा, ‘मिरवणूक थांबवा’ हा निरोप पाच मिनिटांनंतर पोहोचला तर घोटाळाच करेल.

नववी पायरी: आधी सिम्युलेशन, पण डोळे उघडे ठेवून

एनएस-३ या मोफत सिम्युलेटरमध्ये एओडीव्ही, डीएसडीव्ही, डीएसआर आणि ओएलएसआर तयार मिळतात. बॅटमॅन त्यात तयार मिळत नसला तरी हॅलोची वेळ, सहनशीलता आणि नोडची मांडणी यांचा परिणाम ओएलएसआरवर पाहता येतो. नोडना कुठेही भटकू देणारे रँडम वेपॉइंट मॉडेल टाळावे. त्यात किमान वेग शून्य ठेवला तर काळ जाईल तसे नोड मंदावत जातात आणि निकाल खोटेच चांगले दिसू लागतात, हे २००३ मध्येच दाखवून दिले गेले आहे. शिवाय तलावातून चालत जाणारे स्वयंसेवक कोणाच्या कामाचे? रस्त्यांच्या नकाशावर फिरणारी हालचाल सुमोसारख्या वाहतूक-सिम्युलेशनच्या साधनातून तयार करून एनएस-३ ला द्यावी. प्रत्येक मांडणी वेगवेगळ्या यादृच्छिक बीजांनी (सुरुवातीच्या आकड्यांनी) पुरेशा वेळा चालवावी आणि सरासरीबरोबर सर्वांत वाईट निकालही पाहावा, कारण मिरवणुकीच्या दिवशी सरासरी कोणाच्याच वाट्याला येत नाही.

दहावी पायरी: खोट्या नोडपासून बचाव

‘माझ्याकडून सर्वांत ताजा मार्ग आहे’ असे खोटे सांगून एखादा नोड सगळी पॅकेट स्वतःकडे ओढून गिळू शकतो. एओडीव्हीत त्यासाठी मार्गाचा ताजेपणा दाखवणारा क्रमांक मोठा करून जाहीर केला की पुरे. राउटिंगच्या वर कितीही कुलुपे लावली तरी हे थांबत नाही. जाळ्यात शिरण्यापूर्वीच अडवणे, म्हणजे मेश लिंकवर एसएई या वायफाय सुरक्षा पद्धतीचा पासवर्ड ठेवणे, हा छोट्या जाळ्याचा पुरेसा उपाय आहे. पासवर्ड दर वर्षी बदलावा आणि तो व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकू नये.

अकरावी पायरी: मैदानावरची तालीम

विसर्जनाच्या निदान दोन आठवडे आधी, शनिवारी संध्याकाळी, बाजारात गर्दी असताना तालीम घ्यावी. सर्व नोडची घड्याळे आधी जुळवावीत. रास्पबेरी पायच्या अनेक मॉडेलांवर बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते, म्हणून इंटरनेट नसताना ती जीपीएसवरून किंवा एका ठरावीक नोडवरून जुळवावी लागतात. ती जुळली नाहीत तर नोंदी असूनही काहीच सिद्ध करता येत नाही. प्रत्येक नोडने दर सेकंदाला एक क्रमांकित पॅकेट मुख्य कक्षाला पाठवावे आणि दोन्ही टोकांना त्याची नोंद ठेवावी.

मग जाणूनबुजून तोडफोड करावी. एका स्थिर नोडची वीज काढावी आणि किती क्रमांक गळले ते मोजावे. एका स्वयंसेवकाला रंगायतनापासून जांभळी नाक्यापर्यंत सावकाश चालायला लावावे. एका नोडसमोर आठ-दहा जणांना खेटून उभे करावे. गळलेल्या सलग क्रमांकांची लांबी हाच या तालमीतला खरा आकडा: ३ असेल तर पाचव्या पायरीतले गणित जुळले, १५ असेल तर कुठल्या तरी नोडवर मूळचीच वेळ राहून गेली आहे. गळती सलग नसून मध्येमध्ये एकेकटी असेल तर दोष राउटिंगचा नाही. तेव्हा चॅनेल, अँटेनाची उंची आणि करडा पट्टा यांकडे परत जावे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून तीच चाल पुन्हा चालावी.

प्रत्यक्ष दिवशी कोणीही सेटिंग बदलू नये. तयार केलेले दोन जादा नोड आणि भरलेल्या पॉवर बँक मुख्य कक्षात ठेवाव्यात, बांबूवर चढवलेल्या अँटेनाची जोडणी तपासणारा एक माणूस तिथे बसवावा, आणि तक्त्यात एखाद्या नोडचे ‘शेवटचे ऐकू आले’ १० सेकंदांवर गेले की त्याने थेट त्या ठिकाणी जाऊन पाहावे. पहिल्यांदा तपासायची गोष्ट पॉवर बँकच.